आठ फुटी काच

माझे मामा काचा बसवतात. लोकांच्या. स्वतःच्या घराच्या खिडक्यांना त्यांनी पत्रा ठोकलाय, आणि मामी गेली कित्येक वर्षं भरदुपारी दिवा लावून धान्य निवडते. "अहो, गावाला उजेड वाटता आणि बायकोला अंधारात ठेवता!" असं ती अधूनमधून शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणते. मामा ऐकू न आल्यासारखं करतात. पत्रा अजून आहे तिथेच आहे.

आमच्या गावाच्या मधून नदी जाते आणि तिच्यावर एक पूल आहे. अलीकडच्यांचं आणि पलीकडच्यांचं नक्की कशावरून बिनसलं, हे कुणालाच धड सांगता येत नाही. विचारलंत तर दोन्हीकडची माणसं अर्धा तास बोलतात आणि शेवटी "सुरुवात त्यांनी केली" इथे येऊन थांबतात. ते नऊ वर्षं चाललं. तेव्हा लोक मामांची चेष्टा करायचे, "काय मामा, यंदा सीझन जोरात! दगड मारणाऱ्यांना कमिशन देता म्हणे!" मामा आतल्या आत धुमसायचे. मला तर अशा लोकांच्या एक ठेवून द्यावीशी वाटे, पण मी तेव्हा दोन वेण्या घालत होते.

खरं तर मामांची चांदी झाली ती फक्त पहिल्या वर्षी. एकदा फुटली की माणूस नवी काच लावतो. दुसऱ्यांदा फुटली की शिव्या देत लावतो. तिसऱ्यांदा मात्र तो फळी ठोकतो आणि मोकळा होतो. तिसऱ्या वर्षापासून मामांच्या हाती उरली ती फक्त फोटोंच्या चौकटींची कामं. मेलेल्यांचे फोटो, पुलाच्या दोन्ही बाजूंचे. त्यातला एक त्यांच्या धाकट्या भावाचा होता. ती काच कापताना त्यांच्या हातून तीनदा फुटली. इतकी वर्षं काच कापणारा माणूस, आणि हातभर काच धड कापता येईना. मी समोर बसले होते. मला त्यांच्याकडे बघवलं नाही.

मग समझोता झाला आणि साहेब लोक यायला लागले. आधी सुरक्षा की आधी विकास, यावर त्यांनी आमच्या गावात दोन दिवस सभा घेतली. दोन्ही दिवस जेवण उत्तम होतं, एवढं मी प्रामाणिकपणे सांगते. पुलाच्या तोंडाशी एक चौकी बांधली, तिच्यात दोन शिपाई बसवले. एक साहेब हातात फॉर्म घेऊन दुकानोदुकानी फिरत होते. मामांना म्हणाले, "तुम्हाला किती सुरक्षित वाटतं? एक ते पाच यांपैकी सांगा."

मामांनी क्षणभर विचार केला. "चौदा इंच," म्हणाले.

साहेबांना वाटलं म्हातारा बहिरा आहे. पण मामांचं मोजमाप पक्कं होतं. समझोत्यानंतर लोकांनी पहिल्यांदा काचा मागितल्या त्या नऊ इंचाच्या, तेवढीच फुटली तर फुटली म्हणून. सहा महिन्यांनी चौदा इंच. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी दोन फुटी बसवली तेव्हा मामा घरी येऊन म्हणाले, "बाईंचा भरवसा बसलेला दिसतो." तीन फुटांच्या वर कुणीच जाईना. साहेबांनी मात्र त्या दिवशी फॉर्मवर अंदाजानं तीनचा आकडा लिहिला आणि निघून गेले.

अशा माणसाच्या मुलीनं, म्हणजे माझ्या मामेबहिणीनं, ताईनं, शिवणकामाचं दुकान काढलं, तेही नेमकं पुलाच्या तोंडाशी. पूर्वी दोन्हीकडचे दगड जिथे येऊन पडायचे तिथेच. आणि तिला हवी होती आठ फूट रुंदीची एकसंध काच.

"बारा तुकडे करून देतो," मामा म्हणाले. "एक फुटला तर एकच जाईल."

"बाबा, मला कपडे दाखवायचेत. तुरुंग नाही दाखवायचा."

"शटर तरी लाव."

"जागा नाही. काच लागली की शटरला जागा उरत नाही."

"मग नकोच काच!"

"ठीक आहे. शहरातून माणूस बोलावते."

हा वार वर्मी बसला. पोटच्या पोरीच्या दुकानाला परका माणूस काच लावणार म्हणजे मामांना मेल्याहून मेल्यासारखं. तरी त्यांनी तीन आठवडे काढलेच. आज माप चुकलं, उद्या चौकट ओली आहे, परवा काचेभोवती भरायची लांबीच संपली. शेवटी चार गाद्यांत गुंडाळून काच आली. बसवताना मामांनी श्वास घेतला की नाही, शंका आहे. ताईनं घरात होतं नव्हतं ते सगळं त्या दुकानात घातलं होतं. काच गेली तर दुकान गेलं, हे तिला ठाऊक होतं. मामांनाही होतं, म्हणून ते रोज दिवसातून चारदा उगीच तिकडून जायचे.

त्याच वर्षी पुलाजवळ नवी शाळा होत होती, दोन्हीकडच्या मुलांना मिळून एकच. तिचे गणवेश शिवायचं काम ताईला मिळालं. दोनशेवर गणवेश, सगळे निळे. प्रत्येकाला मुलाच्या नावाची चिठ्ठी टाचून ताईनं ते काचेमागे दोऱ्यांवर ओळीनं टांगले. शाळा उघडायला पाच दिवस होते. मी बटणं लावायला जात होते.

त्या दुपारी पुलावर एक हातगाडी आणि एक सायकल एकमेकांना धडकल्या. शिवी गेली, थप्पड पडली. बातमी पुलाच्या या टोकाला पोचेपर्यंत एक जण मेला होता आणि त्या टोकाला पोचेपर्यंत तीन. प्रत्यक्षात कुणीच मेलं नव्हतं. दोन्हीकडून माणसं धावत निघाली. बाजारातली शटरं धडाधड खाली आली, सगळ्यात आधी चौकीचं.

ताई कात्री हातात घेऊन काचेमागे उभी राहिली. "मागच्या दारानं चल," मी म्हटलं.

"आणि हे कपडे?" ती म्हणाली, आणि हलली नाही.

पहिला पुढे आला तो पलीकडचा दूधवाला. दांडगा गडी, हातात हा एवढा दगड. हात वर गेला आणि तसाच राहिला. तो डोळे बारीक करून आत बघत होता. आत ओळीनं निळं काहीतरी होतं, पण उन्हाची तिरीप काचेवर होती, त्याला नीट दिसेना. चमकणाऱ्या काचेतून आत बघायचं तर दोन्ही तळवे डोळ्यांच्या बाजूंना धरून नाक काचेला लावावं लागतं. त्यानं दगड पायरीवर ठेवला आणि तसं केलं.

"काय रे, काय बघतोस?" मागचे ओरडले.

"गणवेश आहेत. नावं लावलीत. थांबा, पोरीचा शोधतोय!"

मग दुसरा वाकला, तिसरा वाकला. तेवढ्यात अलीकडचे येऊन थडकले, आणि ढकलाढकलीत त्यांचीही नाकं काचेला लागली. "दुसऱ्या ओळीत बघ." "अहो, जरा सरका, आम्हाला पण पोरं आहेत!" दूधवाला आतल्या ताईला ओरडून सांगत होता, "बाही जरा लांब ठेवा! उंच झालीय ती!"

मामा कुठून धावत आले देव जाणे. डोक्यावर भला मोठा पत्रा, तोंडानं "सरका, सरका!" दोन माणसांना पत्र्याची कड लागली. एक जण वैतागून म्हणाला, "मामा, पत्रा कसला लावताय? काही दिसणार नाही ना मग!"

मामा पत्र्यासकट जागच्या जागी उभे राहिले.

त्या दुपारी भांडण मिटलं असं मी म्हणणार नाही. पुढच्या चौकात दोन पाट्या मोडल्या आणि एकाच्या डोक्याला टाके पडले. दोन्हीकडचे अजूनही "सुरुवात त्यांनी केली" म्हणतात. पण आमच्यासमोरची गर्दी हळूहळू विरळ झाली. कुणी मापाबद्दल विचारून गेलं, कुणी शाळेआधी नक्की मिळेल ना, म्हणून.

सगळे गेल्यावर मामा पायरीपाशी आले, पत्रा भिंतीला टेकवला आणि हमसून हमसून रडले. ताई बाहेर येऊन त्यांच्याशेजारी बसली. मग डोळे पुसून त्यांनी पायरीवरचे दगड मोजले. सतरा होते, आणि एकही फेकलेला नव्हता.