ताईची मंडळी

माझ्या पोटात उजव्या बाजूला जे मूत्रपिंड आहे, ते माझ्या ताईचं. देताना मी नको नको म्हणत होतो, तर म्हणाली, "गप रे, मला दोन्हींचं काय लोणचं घालायचंय?" तेव्हापासून तिच्याकडे एकच उरलं, आणि तिचं माझ्यात टिकावं म्हणून मला रोजच्या गोळ्या. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे सगळं त्या एकावरच येऊन ठेपलं.

मी शिंपी. ताई प्रयोगशाळेत लेप्टोच्या तापाचे जिवंत जंतू सांभाळते. त्यांना ती मंडळी म्हणते. "मंडळी आज सुस्त आहेत," "मंडळींना नव्या बाटलीत हलवलं," हे आमच्या जेवणातलं बोलणं. मंडळी इतकी बारीक की साध्या उजेडात दिसतच नाहीत. बाजूनं उजेड सोडला की काळोखात पांढरे धागे गिरमिटासारखे गरगरताना दिसतात, टोकांना आकडे. साखरेला तोंड लावत नाहीत, चरबी मागतात. वाढायला आठवडे घेतात. साबण लागला किंवा वाळली की संपली. उंदराच्या मूत्रपिंडात मात्र सुखानं नांदतात, त्याला काही करत नाहीत. त्याच्या लघवीतून ओल्या मातीत, साचलेल्या पाण्यात उतरतात आणि माणसाच्या चिरलेल्या कातडीतून आत शिरतात. "मूत्रपिंडाची भारी आवड त्यांना," ती भात वाढता वाढता सांगायची, आणि माझा घास तोंडातच फिरायचा.

ही मंडळी पोसायची कशाला, तर चाचणीसाठी. तापाच्या माणसाचं रक्त त्यांच्याशी गाठ घालून बघायचं. रक्तानं त्यांच्याविरुद्ध लढायची तयारी केली असेल, तर मंडळी एकमेकांना चिकटून गोळे होतात.

हे काम दोन्ही हातांत मोजे घालून करायचं असतं. पण थेंबावर ठेवायची काच कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ, ती मोज्याला चिकटून बसते. म्हणून ताई उजवा मोजा काढायची. मी तिला काय बोलणार? मीसुद्धा सुईपासून बोट वाचवणारं अंगुस्तान घालत नाही. बोटाला कळल्याशिवाय हात चालत नाही, हे मला पटलेलं.

एका सोमवारी ती लवकर घरी आली आणि चपला न काढताच पलंगावर पडली. अंग तव्यासारखं तापलेलं. हवा बदलली म्हणाली. मी चादर घालायला गेलो, माझा हात तिच्या पोटरीला लागला, तशी ती कळवळली. डोळे लालभडक, पण चिपड नाही की पाणी नाही. ही सगळी लक्षणं मी तिच्याच तोंडून ऐकली होती.

"ताई, बोट दाखव."

"शिंप्यानं शिंप्यासारखं राहावं."

मी हात ओढून घेतला. अंगठ्याशेजारच्या बोटावर बारीक चीर होती, सुकलेली.

"काच तुटली होती, नव्या उंदरातून वाढवलेल्या मंडळींवरची," ती म्हणाली. "हात धुताना साबण झोंबला, तेव्हा कळलं. आणि चाचणी केलीये मी माझी. एकही गोळा नाही. झालं समाधान?"

"पहिल्या आठवड्यात गोळे होतच नाहीत," मी म्हणालो. "रक्ताला तयारी करायला वेळ लागतो, तोवर मंडळी रक्तात मोकाट हिंडतात. हे कोण सांगत होतं, मी की तू?"

ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "एक मूत्रपिंड असून मोजा काढते, हे बाईंना कळलं तर मला जिवंत जंतूंना हात लावू देणार नाहीत. मग मी करू काय? तुझी बटणं लावू?"

बाई म्हणजे तिच्या वरिष्ठ. मला इतका राग आला की हातातला तांब्या आपटला. "ते मूत्रपिंड गेलं ना, तर माझ्यातलं मी परत देणार आहे. मग बघ आपली दोघांची वरात."

तिनं वळून माझ्याकडे पाहिलं. मग उठून बसली. "गाडी बोलाव. आणि माझं रक्त जंतू वाढवायच्या बाटलीत घालायला सांग, औषध सुरू करायच्या आधी. नंतर सापडणार नाहीत ते."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंना तिनं स्वतःच सगळं सांगितलं: जंतूंचं काम, मोजा, चीर, एकच मूत्रपिंड. रक्त घेतलं आणि लगेच शिरेतून औषध चालू केलं. पण दुसऱ्या दिवशी लघवी आटली. खाटेखाली लटकवलेल्या पिशवीच्या तळाला चहासारखे चार थेंब. डॉक्टरीणबाई यायच्या, वाकून बघायच्या आणि कागदावर आकडा लिहून जायच्या. मी जमिनीवर बसून पिशवीकडेच बघत राहिलो. मला मूत्रपिंड बसवल्यावर ताई स्वतःचे टाके सांभाळत अशीच बसली होती म्हणे. मला ते ऐकून हसू आलं होतं, लघवीकडे काय बघत बसायचं म्हणून. आता माझ्या ओटीपोटात तिचं मूत्रपिंड बिनबोभाट काम करत होतं आणि मला दर वेळी मोरीत जायची लाज वाटत होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी नळीतून एक पिवळी रेघ उतरली. मग आणखी एक. मी नर्सला हाक मारायला उठलो. ताईनं डोळे किलकिले करून विचारलं, "किती?"

"भरपूर," मी म्हणालो आणि रडलो.

बाईंनी तिला झापलं, पण काढलं नाही. आता तिच्या शेजारी कुणीतरी बसतंच, आणि मोजे दोन्ही हातांत. काच चिकटली की ताई चिमट्यानं सोडवते आणि पुटपुटते.

पुढे एक दिवस तिनं मला बोलावून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला लावला. काळोखात पांढरे धागे वळवळत होते. तिच्या रक्तातून वाढलेले.

"साबण कुठाय?" मी विचारलं.

"हात लावू नकोस. त्या उंदरातलीच ही नवी जात, आमच्या चाचणीत अजून नव्हती. उद्या कुणाचं तरी रक्त यांच्याशीच जुळेल." तिनं बाटलीवर तारीख घातली. "मी सांभाळणार आहे यांना."

माझा हात आपसूक उजव्या कुशीवर गेला होता. ताईनं ते पाहिलं आणि विचारलं, "आजच्या गोळ्या घेतल्यास का?"