मोड आलेले वाल

रविवारी सकाळी शेजारच्या मालतीबाई मोड आलेले वाल सोलायला बसल्या. समोर टेकवलेल्या फोनवर परदेशातली त्यांची लेक होती. ती गरोदर आहे. डॉक्टरांनी तिला कडधान्यं खायला सांगितलंय. त्यांत प्रथिनं असतात, लोह असतं. गुडघ्यांमुळे मालतीबाईंना तिच्या बाळंतपणाला जाता येणार नाही.

"मागच्या वेळी वाल सालासकट शिजवलेस ना गं?"

"हो, कडू झाले. ह्यानं निमूट खाल्ले."

"मग नवरा बरा आहे तुझा."

अंकुर मातीत मूळ धरेपर्यंत त्याला पुरेल एवढं अन्न दाण्यातच साठवलेलं असतं. आपण खातो ते तेच.

लेकीनंही तिकडे वाल भिजवून मोड आणले होते. "चिमटीत दाब, दाणा आपोआप सुटतो," मालतीबाई म्हणाल्या. लेकीनं तसं करून पाहिलं, दाणा सुटला. फोन चालू होता आणि दोघी वाल सोलत होत्या.