इमा मुलीला न्यायला आली

जपानमध्ये राहणाऱ्या प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात एक ड्रॉवर असतो. कोन्बिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानातून, आलेल्या सोया सॉसच्या पुड्या, लाकडी चॉपस्टिक्स, ओले टिश्यू असं काहीबाही त्यात साठत जातं. आपण मागितलेलं नसतं आणि टाकवतही नाही. आमच्या कंपूचे किस्से असेच साठलेत. दोन मित्र जमले की कुणीतरी तो ड्रॉवर उघडतं आणि जेवण थंड होतं.

आज त्यातले फक्त इमाचे काढतो. आधी पात्रं सांगतो. मी पराग, बायको अनुजा, मुलगी मिहिका. मुक्काम टोकियोतल्या भारतीयांच्या वस्तीत, हिगाशी-कसाईला, जिथे लिफ्टमध्ये कुणाबद्दल मराठीत बोलायचं तर आधी आजूबाजूला बघावं लागतं. दुसरा सावंत, कुडाळचा, बिनलग्नाचा, माझ्याच टीममधला. आणि तेस-सान (सान म्हणजे आपलं 'जी'), फिलिपिन्सच्या पंपांगा प्रांतातली, तोयोसूच्या ऑफिसात आमची टेस्टिंग लीड. पावसाळ्यात आई तांदळाचा डबा ज्या चेहऱ्याने उघडते, त्या चेहऱ्याने ती आमचा कोड उघडायची.

सगळं भूकंपाच्या वर्षातलं. मार्चमध्ये तो मोठा धक्का बसला आणि पुढे कित्येक महिने जमीन मधूनमधून आठवण करून देत राहिली. आमचा कुणाचा पाय एका जागी ठरत नव्हता. अर्धी हिगाशी-कसाई पुण्या-मुंबईला जाऊन परत आली होती, उरलेली जाऊ की नको करत होती. मी ऑफिसात डेस्कवर पाण्याची अर्धी बाटली ठेवायचो. हलल्यासारखं वाटलं की आधी बाटलीकडे बघायचं. पाणी हललं तर भूकंप, नाही हललं तर मी.

*

शरदात तेसची आई आली. पंपांगात आईला इमा म्हणतात, म्हणून आम्हीही तिला इमाच म्हणायला लागलो.

विमानतळावर आम्ही घ्यायला गेलो. ठेंगणी, गोल चेहऱ्याची बाई, पांढरे केस घट्ट बांधलेले, आणि बरोबर दोन बॅगा. एक उचलताना सावंतच्या कमरेतून आवाज आला. दुसरी मी एका बोटाने उचलली.

"ही रिकामी आहे?" मी विचारलं.

"ती तेसच्या कपड्यांची," इमा तिच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाली. "ख्रिसमसला आम्ही दोघी घरी."

तेसला तिने विचारलंही नव्हतं. मी तेसकडे पाहिलं, तर ती पार्किंगच्या मशीनमध्ये डोकं घालून बसली होती.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये मी म्हटलं, "सरळ सांग ना, मी येत नाही म्हणून. ओरडेल थोडी."

"माझी आई ओरडत नाही," तेस म्हणाली. "ती सामान बांधायला लागते."

तेसला जायचं नव्हतं. इतक्या वर्षांत तिने इथे आपलं म्हणून काहीतरी उभं केलं होतं. नोकरी, भाषा, एवढंसं घर. "तिकडे मी अजून इमाची धाकटी," ती म्हणायची. "इथे मी तेस-सान." पण आईच्या तोंडावर नाही म्हणणं तिला या जन्मात जमलं नव्हतं. मग आम्हीच ठरवलं, इमाला टोकियोच्या प्रेमात पाडायचं, म्हणजे ती ख्रिसमसला एकटीच परत जाईल. सावंतने तर या कामाला प्रोजेक्टसारखं नावही दिलं होतं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

*

पहिल्या रविवारी असाकुसा. देवळाच्या दारात तो प्रचंड लाल कंदील लटकलेला असतो, ज्याच्याखाली उभं राहून अख्खं जग फोटो काढतं. इमा त्याच्याखाली उभी राहिली, मान वर केली, एक प्रदक्षिणा घातली.

"कसा आहे?" मी विचारलं.

"एकच रंग?"

मग तिथेच, गर्दीच्या मध्यभागी उभं राहून, तिने तिच्या गावच्या कंदिलांचं वर्णन सुरू केलं. डिसेंबरमध्ये तिकडे कंदिलांची स्पर्धा असते. एकेक कंदील घराएवढा, ट्रकवर चढवून आणतात. हजारो दिवे, आणि बँडच्या तालावर ते असे लागतात-विझतात की अख्खं चक्र नाचल्यासारखं दिसतं. इमाचा नवरा हयात असताना हेच काम करायचा.

"कंट्रोल कसं करतात? कॉम्प्युटरवर?" सावंतने विचारलं.

कॉम्प्युटर कसला! कंदिलाच्या मागे पत्र्याची पिंपं असतात, ती माणसं हाताने फिरवतात. जिथे दिवा लागायला नको, तिथे पिंपावर चिकटपट्टी. पत्रा आला की दिवा लागतो, पट्टी आली की विझतो.

"म्हणजे सगळं हार्डकोडेड," सावंत माझ्या कानात म्हणाला. इमाने ते ऐकलं आणि तेसला विचारलं, हा काय म्हणतोय. तेसने समजावलं, एकदा करून ठेवलं की बदलता येत नाही असं म्हणतोय.

"का नाही येत?" इमा म्हणाली. "नखाने काढायची पट्टी, दुसरीकडे लावायची."

तेसने सावंतकडे शांतपणे बघितलं. "दोन मिनिटांचं काम. आणि तू मला कोड बदलायला दोन आठवडे सांगतोस."

*

टोकियो दाखवायला आम्ही निघालो होतो, पण रविवारमागून रविवार दिसत होता तो पंपांगाच. उंच टॉवरवर नेलं, तर तिथून तिने आपला डोंगर कुठल्या दिशेला असेल ते शोधलं. समुद्रकिनारी नेलं, तर वाऱ्याला नावं ठेवली. आम्ही तिघं मात्र तो प्रांत इतका शिकलो की कुणी परीक्षा घेतली असती तर पास झालो असतो.

त्यात खाणं आलंच. पंपांगावाल्यांचं म्हणणं असं की अख्ख्या देशात स्वयंपाक फक्त त्यांना येतो. सावंतला ही भाषा लगेच कळली, कारण कुडाळमध्येही असंच म्हणतात.

इमाच्या जड बॅगेतून एक बरणी निघाली. आत कांदा-टोमॅटोत परतलेलं, तपकिरी, कुरकुरीत काहीतरी. सावंत वर्षभर घरी गेला नव्हता. त्याने झाकण उघडून वास घेतला आणि त्याचा आवाजच बदलला. "सोडे," तो म्हणाला, म्हणजे सुकवलेली कोळंबी. "पराग, आईशप्पथ, सोडे आहेत हे."

त्याने ताटभर भात घेतला, वर अर्धी बरणी ओतली आणि मान खाली घालून जेवला. इमा समोर बसून कौतुकाने बघत होती. शेवटचा घास झाल्यावर तेस म्हणाली, "सावंत-सान, तुला त्याचे पाय काढलेले चालले ना? काही लोकांना पायांसकट आवडतात."

"कोळंबीचे पाय कोण खातं?"

"कोळंबी नाही. शेतातले किडे आहेत. नांगरताना वर येतात ते."

सावंतने ताटाकडे बघितलं. मी खिडकी उघडली, न जाणो, लागली तर. मग तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "उरलेली अर्धी बरणी कुणाची आहे?"

*

अनुजा शाकाहारी, त्यामुळे तिच्यासाठी इमा गोड करायची. म्हशीच्या दुधाची एक वडी असते त्यांची, आपल्या खरवसासारखी मऊ. म्हशीचं दूध टोकियोत कुठून आणणार? इमा गाईच्या दुधावर भागवायची आणि दर वेळी गाईची माफी मागितल्यासारखं तोंड करायची.

त्या वडीच्या नावाचा अर्थ हृदयाचा ठोका. शिजताना ती धडधडते म्हणून. थाळीत ओतल्यावरही बराच वेळ थरथरत असते. आता त्या वर्षी आमच्यासारख्यांच्या समोर थरथरणारा पदार्थ ठेवणं म्हणजे छळच. पहिल्या दिवशी थाळी टेबलावर आली, ती हलली, आणि मी मिहिकाला उचलून दारापर्यंत पोचलोसुद्धा.

"बाबा, पुरीन दा यो," मिहिका काखेतून जपानीत म्हणाली. पुडिंग आहे ते, बाबा.

*

ऑक्टोबरात दिवाळीसाठी अनुजाने गॅलरीत आकाशकंदील लावला. इमा खालून बघून धावत वर आली. अगदी हाच बांबू आणि कागदाचा तारा तिच्याकडे ख्रिसमसला लावतात, खाली झिरमिळ्यासुद्धा त्याच. तिने दोन दिवसांत आणखी एक तारा बनवला आणि आमच्याच गॅलरीत शेजारी टांगला. तेसच्या गॅलरीत का नाही, असं अनुजाने विचारलं. "ते घर तर आम्ही सोडणार," इमा म्हणाली. तेस तिथेच उभी होती. ती झिरमिळ्या सरळ करत राहिली. मला इमाचा रागच आला.

चार दिवसांनी बिल्डिंगचे मॅनेजर आले. म्हातारे, अतिशय सभ्य गृहस्थ. धक्का बसला तर खाली कुणाच्या डोक्यात पडेल, असं म्हणाले. हा सण किती दिवस आहे?

"या आठवड्यात संपतो," मी म्हणालो.

"जानेवारीपर्यंत," इमा म्हणाली.

त्यांनी एकसारख्या दोन ताऱ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग इमाकडे. कमरेत वाकले आणि गेले. दुसऱ्या दिवशी दाराला एक जाड दोरी अडकवलेली होती, तारे नीट बांधायला.

*

एका संध्याकाळी इमाने लॅपटॉपवर शेजारच्या गावातलं चर्च दाखवलं. विचित्रच दिसत होतं, बुटकं. ज्वालामुखी फुटला, त्याची राख पुढे पावसांत चिखल होऊन वाहत आली आणि चर्च अर्धं जमिनीत गेलं.

"मग बंद झालं?" अनुजाने विचारलं.

"बंद कशाला? वरच्या खिडक्या होत्या ना, त्यांची दारं केली. आता खिडकीतून आत जातो."

"आणि लोक? गाव सोडून गेले नाहीत?"

"काही गेले. मग परत आले."

तेसने तेवढंच पकडलं. आईपुढे तिचा आवाज चढलेला आम्ही पहिल्यांदाच ऐकला. "चर्च बुडलं तरी तुम्ही तिथे राहिलात, आणि मला म्हणतेस जपान सोड?"

इमाने लॅपटॉप मिटला. "तो ज्वालामुखी आपला होता," ती म्हणाली. "हा भूकंप दुसऱ्यांचा आहे."

त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण हेच वाक्य माझे सासरे वेगळ्या शब्दांत मला मार्चपासून ऐकवत होते.

*

डिसेंबर आला. तेसचे स्वेटर बॅगेत जायला लागले. सोमवारी तेसने बॉसला राजीनामा द्यायचा असं ठरलं, म्हणजे इमाने ठरवलं. त्याआधी इमाने आम्हा सगळ्यांना तेसच्या घरी जेवायला बोलावलं, निरोपाचं जेवण म्हणून. सातवा मजला. आम्ही सगळे नको तितके हसत होतो. तेस ताटं मांडत होती आणि एकदाही कुणाकडे बघत नव्हती.

वाढायला सुरुवात झाली आणि सगळ्यांचे मोबाईल एकदम किंचाळले. भूकंपाच्या इशाऱ्याचा तो आवाज. पाठोपाठ जमीन हलली, आधी उभी, मग आडवी, आणि थांबायचं नाव घेईना. अनुजा मिहिकाला घेऊन टेबलाखाली गेली, मी तिच्यामागे, सावंत माझ्या अंगावर. त्याच्या हातात ताट होतं. वर कपाटातली भांडी एकेक करून खाली उडी मारत होती.

टेबलाखालून मला फक्त तेसचे पाय दिसत होते. गॅसपाशी गेले, तिथून दाराकडे. दार उघडल्याचा आवाज आला, चौकट वाकून दार अडकू नये म्हणून त्यात अडकवलेला बूट दिसला. मग पाय इमापाशी आले आणि थांबले. हलायचं थांबलं तेव्हा बाहेर येऊन पाहतो तर इमा खुर्चीवर ताठ बसलेली, डोक्यावर हेल्मेट, हनुवटीखाली पट्टा बांधलेला. तेस शेजारच्या म्हाताऱ्या आजींच्या दारावर थाप मारून जपानीत विचारत होती, बऱ्या आहात ना.

पाच मिनिटांत सावंतचा फोन वाजला. कुडाळहून आई. टीव्हीवर बातमी लागली होती. गडबडीत त्याच्याकडून स्पीकर चालू झाला.

"बाबू, आत्ताच्या आत्ता घराक ये. खड्ड्यात गेली ती नोकरी. हंय काय कमी आसा?" आणि मग नुसतं रडणं.

सावंतच्या आईचं मालवणी इमाला कळलं नाही, रडणं कळलं. तिने सावंतपुढे हात केला आणि फोन काढून घेतला. सावंतच्या आई शाळेत शिक्षिका होत्या, इंग्रजी त्यांना येत होतं.

"मॅडम, मी तेसची आई," इमा म्हणाली. "तुमचा मुलगा ठीक आहे. टेबलाखाली जेवतोय."

पलीकडचं रडणं थांबलं.

"ऐका. इथे या मुलांना सगळं येतं. माझ्या मुलीने गॅस बंद केला, दार उघडलं, मला टोपी घातली, आणि तोवर माझं देवाचं नाव घेऊनसुद्धा झालं नव्हतं. बिल्डिंग हलते, पडत नाही. नका नेऊ त्याला. इथे तो मोठा माणूस आहे. घरी नेलंत की परत लहान होईल."

सावंतच्या आईंनी नाक ओढलं. मग शाळेतल्या स्वच्छ इंग्रजीत त्यांनी विचारलं, "पण तुम्ही तर तुमच्या मुलीला घरी न्यायला आला आहात ना? बाबूने मला सांगितलंय."

तेस दारात उभी होती, हातात केरसुणी. इमाने तिच्याकडे पाहिलं. हेल्मेट तिच्या कपाळावर घसरलं होतं, ते तिने एका हाताने वर सारलं.

"तिला कसं नेणार?" इमा फोनवर म्हणाली. "तिला उद्या ऑफिस आहे."

दुसऱ्या दिवशी रविवार होता.