कनेरगाव नाक्यावरचा अमीन

पुढे साऱ्या राज्याच्या पोलिसांचा प्रमुख झालेला माणूस हिंगोलीच्या शाळेत माझ्या बाकावर बसायचा. आमच्या घरी जमीन भरपूर; त्याचा बाप मेंढरं राखायचा. उर्दू त्याचं माझ्याहून चांगलं, गणितही.

निजामाच्या अमलात एकदा आम्ही सात-आठ मुलं गांधी टोपी घालून शाळेत गेलो. मुख्याध्यापकांनी माफीनामा मागितला. मी लिहिला नाही. वडिलांनी मला हद्दीपलीकडे, इंग्रजी मुलखातल्या वाशीमच्या शाळेत घातलं. माझ्या त्या मित्रानं मात्र माफीनाम्यावर सही केली. निघताना मी सगळ्यांसमोर त्याला भेकड म्हणालो.

"तुला जायला जागा हाय," तो म्हणाला. "मला न्हाई."

तो पोलिसात लागला आणि परीक्षा देत देत अमीन, म्हणजे फौजदार झाला.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात मी वाशीमहून निजामविरोधी पत्रकं घेऊन येत होतो. अंगावर गाडीवानाचे कपडे, पत्रकं कडब्याखाली. कनेरगाव नाक्यावर अमीन म्हणून तोच उभा. सोबत एक मुसलमान जवान. मला धास्ती त्या जवानाचीच वाटली. अमीनानं स्वतः कडबा उचलला, गठ्ठे पाहिले, माझ्याकडे पाहिलं आणि कडबा नीट परत लावला.

"बैलाचा चारा हाय. जाऊ द्या."

गावात मी सांगितलं, नाकेवाल्यांच्या डोळ्यांत धूळ फेकून आलो. लोकांनी पाठ थोपटली. त्याचं नाव घेतलं असतं तर त्याच्या जिवावर बेतलं असतं, हे खरंच होतं. पण सप्टेंबरात भारताची फौज आली आणि ती सबब संपली.

निजामाच्या पोलिसांची चौकशी सुरू झाली. त्याला घरी बसवलं. त्याचा बाप बाळापूरच्या बाजारातून तडक आमच्या दारी आला.

"मालक, पोरगं जेवून न्हाई राहिलं. तुमी चौकशीच्या साहेबाला एक शब्द सांगा. तुमचं ऐकतील."

"बघतो," मी म्हणालो.

गेलो नाही. माझी मर्दुमकी कुणाच्या मेहरबानीची होती, ते गावाला कळलं असतं. तीन आठवडे मी रोज सकाळी साहेबाकडे जायला म्हणून धुतलेलं धोतर नेसून तयार व्हायचो आणि शेताकडे निघून जायचो.

शेवटी त्या जवानानं साक्ष दिली. त्याची स्वतःचीच नोकरी जायच्या बेतात होती. तरी तो म्हणाला, "अमीनसाहेबांनी पत्रकांची गाडी सोडली. मी पाहिलं, मीही गप्प बसलो."

साहेबानं विचारलं, गाडीवान कोण होता? जवानाला ठाऊक नव्हतं. अमीनाला ठाऊक होतं, पण त्यानं सांगितलं नाही. मी सांगितलं नाही म्हणून त्यानंही सांगितलं नसावं, असं मला वाटतं. विचारायची हिंमत कधी झाली नाही.

त्याला परत कामावर घेतलं. बदलीच्या गावी जाताना त्याची बैलगाडी आमच्या वेशीवरून गेली. मी ओट्यावर बसलो होतो. त्यानं हात वर केला. मी उठून आत गेलो.