हलका माल

"बसा काकू," म्हणून मी स्टूल पुढं सरकवायचो आणि त्या पायानं ते स्टूल परत माझ्याकडं लोटायच्या. "मी बसाय आले न्हाई, मिस्त्री. कामाचं बोल."

मिस्त्री! अहो, मी डिप्लोमा केलेला माणूस. तासगावात एसटी स्टँडच्या मागं माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे, पाटीवर तसं ठळक रंगवलंय. पण याच जागेत अब्बा रेडिओ दुरुस्त करायचे, त्यांना काकू मिस्त्री म्हणायच्या, म्हणून मीही मिस्त्री. एकदा धीर करून म्हणालो, "काकू, आम्हाला आता इंजिनियर म्हणतात." त्या म्हणाल्या, "म्हणू देत की. तुज्या हातात पेचकस हाय का न्हाई?" होता. विषय संपला.

काकूंची बेदाण्याची अडत होती. शेतकऱ्याचा माल त्यांच्या पेढीवर यायचा, सौद्यात बोली लागून विकला जायचा आणि काकू त्याच्या हातात हिशेबाची पट्टी द्यायच्या. नवरा गेला, दिवसकार्य उरकलं आणि त्या सरळ पेढीच्या गादीवर जाऊन बसल्या. दीर म्हणाले, "वहिनी, आता घरी बसा. आमी हाय की." काकू म्हणाल्या, "मी बी हाय की हितं." तेव्हापासून ती गादी सोडून त्या दुसरीकडं कुठं टेकल्याच नाहीत. तुम्ही कुणाच्या लग्नात त्यांना खुर्चीवर पाहिलं असेल तर मला सांगा.

पट्ट्या निघायच्या नवऱ्याच्या जुन्या लॅपटॉपवर. तो तापायला लागला तेव्हा काकूंनी काय करावं? बेदाणा कुठं टिकतो? कोल्ड स्टोरेजात. मग दिला लॅपटॉप तिकडं पाठवून, बेदाण्याच्या बॉक्सांच्या थप्पीवर ठेवायला! दुसऱ्या दिवशी माझ्याकडं आला तो घाम फुटल्यासारखा ओलाचिंब. मी डोक्याला हात लावला. काकू शांत. "तितं माल कवा खराब झाला न्हाई. तुजं मशीनच नाजूक." वाळवून, पुसून मी तो चालू केला, पण मुळात तो म्हातारा. उघडायला इतका वेळ घ्यायचा की तेवढ्यात चहा सांगून, पिऊन, कपबशा परत गेलेल्या असायच्या.

सौद्याच्या दिवशी मात्र ही गोष्ट हसण्यावारी नेता येईना. पट्टीसाठी शेतकरी पायरीवर ताटकळायचे, गावाकडची एसटी निघून जायची. दिरांची पेढी शेजारीच, तिथं नवाकोरा कॉम्प्युटर आलेला. एका सौद्याला त्यांनी सगळ्यांसमोर सुनावलं, "वहिनी, पुढच्या सौद्याला ह्योच तमाशा झाला तर अडत आमच्याकडं. लय झालं आता."

काकू तडक माझ्या दुकानात. चेहरा लाल. "मिस्त्री, पुढच्या सौद्याला ह्यो पळाला पायजे. न्हाई पळाला तर माजी गादी गेली."

"काकू, नवीनच घ्या ना."

"का? ह्यो चालतोय की! मला म्हातारी म्हणून घरी बसवाय बसल्यात, आन मी ह्याला बसवू व्हय?"

मग आतली हार्डडिस्क बदलायचं ठरलं. मी दोन वस्तू मांडल्या. एक नेहमीची हार्डडिस्क, आधीच्यापेक्षा जोरात फिरणारी, भरपूर जागेची. दुसरी एसएसडी, जागा कमी, आत काहीच फिरत नाही, पण वेग असा की बघत राहावं. सांगून सांगून माझं तोंड दुखलं. काकू ऐकताहेत कुठं? सौद्यात बेदाण्याची मूठ घेतात तशा त्यांनी दोन तळहातांवर दोन वस्तू घेतल्या, डोळे मिटून तोलल्या आणि एसएसडी माझ्यापुढं टाकली.

"हलका माल. पोचट हाय ह्यो. ह्यो भरीव बसव."

"अहो काकू, बेदाणा आहे का हा!"

"माल त्यो माल. जलम गेला माजा ह्यात."

मी चरफडत भरीव बसवली. फरक पडला, नाही असं नाही. आता चहा पिऊन व्हायचा, पण कपबशा न्यायला माणूस यायच्या आत लॅपटॉप उघडायचा.

सौद्याच्या आदल्या दिवशी काकू परत हजर. मी मनात म्हटलं, आता तरी 'चुकलं' म्हणतील. छे! "मिस्त्री, माजा हात चुकला न्हाई. तुज्या धंद्यात पोचट मालच चांगला असतोय, त्याला मी काय करू?" हसायचं नाही असं ठरवूनही मी हसलो. त्याही हसल्या. मग लॅपटॉपवरून हात फिरवत म्हणाल्या,

"उद्या न्हाई झालं तर लोक म्हणतील, बाईमाणसाला न्हाई जमलं. माज्यामागं लेक हाय. तिला मग कोण बसू दील हितं?"

त्यांची एकुलती लेक सासर सोडून आली होती. ती मागच्या खोलीत माल निवडायची. पुढं पेढीवर दिसली की दिरांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. काकूंचा हा सगळा आटापिटा कुणासाठी चाललाय ते मला त्या दिवशी कळलं. मी त्या भरीव डिस्कवरचं सगळं एसएसडीवर घेईपर्यंत त्या उभ्याच होत्या. मीही मग उभ्यानंच काम केलं.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद करून मी सौद्याला गेलो. शेवटची बोली झाली. काकूंनी लॅपटॉपचं बटण दाबलं आणि सवयीनं चहा सांगायला तोंड उघडलं, तोवर लॅपटॉप तयार! त्यांनी चहा राहू दिला. मग आत हाक मारली. "ये गं. बस माज्या शेजारी. तू आकडं वाच, मी पट्टी काढते."

भर पेढीवर, सगळ्यांदेखत लेक गादीवर बसली. पट्टीमागून पट्टी निघाली. दीर आपल्या पायरीवर हाताची घडी घालून उभे होते. काकू मान न उचलता म्हणाल्या, "भावजी, च्या घ्या तुमी. आमाला येळ न्हाई."

ती भरीव हार्डडिस्क त्यांनी परत नेली नाही. "ठेव तुला. तुजं कागद उडत्यात पंख्यानं." अजून ती माझ्या कागदांवर आहे.

गेल्या हंगामाच्या तोंडावर काकू गेल्या. पेढीचं कुलूप उघडता उघडता, उभ्यानंच.

त्यांचे दिवस होतात न होतात तोच दीर लॅपटॉप बगलेत मारून माझ्याकडं आले. स्टूल ओढून ऐसपैस बसले. "ह्यातलं सगळं आमच्या कॉम्प्युटरात घालून दे. वहिनींची पेढी आता बंद करायची हाय."

"ज्यांचा लॅपटॉप आहे त्यांनी सांगितलं तर देतो," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता.

"आरं, ती गेली न्हवं का!"

तेवढ्यात काकूंची लेक धापा टाकत दुकानात आली. डोळे रडून सुजलेले. चुलत्याकडं तिनं पाहिलंही नाही, लॅपटॉप उचलून माझ्यापुढं ठेवला.

"आगं, घरी जा तू," चुलता म्हणाला.

मी दुसरं स्टूल पुढं सरकवलं. "बसा ताई. पाणी घ्या."

तिनं पायानं ते माझ्याकडं लोटलं.

"मी बसाय आले न्हाई, मिस्त्री. उद्या सौदा हाय. ह्यो पळतोय का, तेवढं बघा."

मी बटण दाबलं. चुलता स्टुलावरून उठेपर्यंत लॅपटॉप चालू झाला होता.