लोण्याचं बोट

दातांच्या दवाखान्यात शेजारी बसलेल्या काकूंनी पिशवीतून तुपाची छोटी डबी काढली. बोटावर तूप घेऊन नवऱ्याला म्हणाल्या, "आ करा." काकांनी मुकाट्याने तोंड उघडलं. गालाच्या आत पांढरा चट्टा होता.

"चुन्याने भाजलंय," काकू मला म्हणाल्या. "तंबाखू सुटत नाही ना यांची."

आमच्या अण्णांचंही असंच होतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, एरवी भलते तापट, पण दुपारच्या चहाआधी आईसमोर बसून लहान मुलासारखा आ करायचे. आई ताजं लोणी त्यांच्या गालाला आतून लावायची. "लगेच गिळू नका," म्हणून दटावायची. त्या दोघांना एकमेकांना हात लावताना मी एरवी कधी पाहिलं नाही. चट्टा चुन्याचाच, याबद्दल घरात कुणालाच शंका नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी दारातूनच ते पाहिलं आणि जवळ येऊन काकांच्या तोंडात डोकावल्या. "तूप राहू द्या, काकू. बुरशी असेल तर औषधाने जाईल. चट्टा नाही गेला तर तिथला छोटा तुकडा काढून तपासायला पाठवू. अशा चट्ट्याचा कधी कधी कॅन्सर होतो."

काकू ओशाळल्या. डबीचं झाकण लावत म्हणाल्या, "मी आपली रोज लावत होते."

मला त्यांना सांगायचं होतं, आमच्या आईनेही रोज लावलं. अण्णांचं तोंड उघडेनासं झालं आणि तिचं बोट आत जाईना, त्या दिवसापर्यंत.