बोगद्याच्या तोंडाशी लागणारा ब्रेक

“मेढ्याच्या बसचा ड्रायव्हर बदलायला मी कंत्राटदाराला सांगतोय. दुसरा मिळत नसेल तर रूटच बंद करतो,” शिरवळच्या एका कारखान्याचे ॲडमिन मॅनेजर फोनवर तापले होते. “लोक आपापल्या गाड्यांनी येतील.”

“सर, आधी मला बघू द्या,” मी म्हणाले.

मी साताऱ्यातल्या एका छोट्या कंपनीत काम करते. आम्ही बसमध्ये ट्रॅकिंग डिव्हाइस बसवतो. साबणाच्या वडीएवढी डबी असते, आत सिमकार्ड. बस कुठे आहे, किती वेगात आहे, ब्रेक किती जोरात लागला, हे ती आमच्या स्क्रीनवर पाठवत राहते. अचानक जोरात लागलेल्या ब्रेकला हार्श ब्रेकिंग म्हणतात. ते वाढलं की ड्रायव्हरचा स्कोअर घसरतो. या कारखान्याच्या सगळ्या बसमध्ये मेढ्याच्या बसचा स्कोअर तळाला गेला होता.

ड्रायव्हर होते बबनआप्पा. फौजेत ट्रक चालवून निवृत्त झालेले, पांढऱ्या मिशांचे, कमी बोलणारे. बस सुरू होण्याआधी मेढ्याकडची, जावळीतली माणसं मोटारसायकलवरून हायवेने कामाला यायची. बायकांना तेही जमत नव्हतं. बस आली आणि त्यांना नोकरी करता आली. त्यामुळे ‘लोक आपापल्या गाड्यांनी येतील’ हे वाक्य मला काही पटलं नव्हतं.

मी नकाशावर ब्रेकचे ठिपके काढले. मला वाटलं, कुडाळच्या आसपासच्या वळणांवर असतील. तिथे एकही नव्हता. सगळे ठिपके खंबाटकीच्या बोगद्याच्या तोंडाशी, तेही सकाळच्या फेरीत; संध्याकाळी परतताना बस बोगद्याऐवजी घाटातून येते. डिव्हाइस बिघडलं असेल म्हणून नवीन बसवलं. ठिपके तिथेच. त्याच बोगद्यातून जाणाऱ्या आमच्या दुसऱ्या बस मात्र निवांत जात होत्या.

शेवटी मी मेढ्याला मुक्काम केला आणि सकाळी बसमध्ये जाऊन बसले.

पुढच्या सीटवर शोभाताई होत्या, पॅकिंग विभागात काम करणाऱ्या. आप्पांच्या अगदी पाठीमागे. बस पाचवडला हायवेला लागली. ऊन चांगलंच वर आलं होतं. शोभाताई गप्पा मारल्यासारख्या हळूच म्हणाल्या, “आप्पा, म्होरं टेम्पो हाय.” आप्पांनी वेग कमी केला. थोड्या वेळानं पुन्हा, “डावीकडनं मोटारसायकल आली बगा.” मला वाटलं, बाईंना बोलायची सवय असेल.

मग बोगदा आला. उन्हातून बस सावलीत शिरली आणि आप्पांनी करकचून ब्रेक दाबला. माझं कपाळ पुढच्या दांडीवर आपटायचं राहिलं. मागून एका ट्रकने लांबलचक हॉर्न दिला.

“मोकळं हाय आप्पा. चला,” शोभाताई म्हणाल्या.

बसमधलं कुणीच दचकलं नव्हतं. सगळ्यांनी आधीच दांड्या धरल्या होत्या.

बोगदा संपल्यावर मी बस एका हॉटेलच्या आवारात घ्यायला सांगितली. आप्पांना खाली बोलावलं.

“आप्पा, तुम्हाला दिसत नाही ना?”

“दिसतंय की. पर उन्हातनं आत शिरलं की समदं दुधावानी होतंय. मोतीबिंदू हाय म्हणाला डॉक्टर.”

“मग ऑपरेशन?”

“सुट्टी घ्यावी लागंल. तवर गाडी दुसऱ्याला देत्यात. मग मला कोण बोलावतंय?”

शोभाताई खाली उतरल्या होत्या. “मॅडम, तुमी काय सांगू नका. मी हाय न्हवं म्होरं बसायला! आप्पा गेले तर मेढ्याला यायला दुसरा कोण तयार न्हाई. मग आमी काय करायचं?”

“शोभाताई, मागच्या ट्रकला तुम्ही कशा सांगणार होता?”

मी बसच्या कंत्राटदारांना फोन करून शिरवळहून दुसरा ड्रायव्हर मागवला. आप्पांनी किल्ली माझ्या हातात ठेवली आणि प्रवाशांच्या सीटवर जाऊन बसले. शोभाताई माझ्याकडे पाठ फिरवून त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या. मला वाईट वाटलं, पण किल्ली परत देण्यासारखं काही नव्हतं.

दुपारी मॅनेजरसमोर बसले. “मी म्हणत नव्हतो?” ते म्हणाले. “काढा त्याला.”

“काढलंत तर बाकीचे ड्रायव्हर काय शिकतील, सर? डोळ्यांचं बोलायचं नाही, एवढंच. आज हे मला नकाशावर दिसलं. उद्या कदाचित दिसणार नाही.”

“आणि बस कोण चालवणार?”

बसचे कंत्राटदार शेजारीच बसले होते. माणूस तसा हिशेबी, पण ते म्हणाले, “आप्पा बरे होईपर्यंत मी बदली ड्रायव्हर देतो. आप्पांचा पगार निम्मा तुम्ही, निम्मा मी.” मॅनेजर म्हणाले, “डॉक्टरांच्या सर्टिफिकेटशिवाय स्टिअरिंगला हात लावायचा नाही.” म्हणजे होकारच.

आप्पांच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशन्स झाली. मधले आठवडे त्यांना जड गेले. रोज सकाळी ते मेढ्याच्या थांब्यावर येऊन बस सुटताना बघायचे, असं बदली ड्रायव्हर सांगायचा. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर ते पुन्हा कामावर आले. पहिल्या दिवशी मी स्क्रीनसमोर बसून होते. बस बोगद्यात शिरली, बाहेर आली. ठिपका उमटला नाही.

थोड्या वेळाने शोभाताईंचा फोन आला. “मॅडम, आज खिडकीपाशी बसले. झोप लागली बगा.”

त्यानंतर कंत्राटदाराने सगळ्या ड्रायव्हरांचे डोळे तपासायचे ठरवलं. तपासणीची नोटीस लागली तेव्हा कुणी फिरकलं नाही. उपचाराच्या सुट्टीत पगार चालू राहील, अशी ओळ खाली लिहिली, तेव्हा रांग लागली. आमच्या डिव्हाइसच्या मॅन्युअलमध्ये ही ओळ नाही. मी आता नवीन गिऱ्हाइकाला ती आधी सांगते, डबी नंतर दाखवते.